थंडीत चेहरा ओढतोय? ताईला विचारा

प्रश्न : ताई, मी गुहागरची, कॉलेजला रोज पहाटेच स्कूटीवरून जाते. आपल्याकडे कुठे थंडी असते असं सगळे म्हणतात पण डिसेंबर लागला की माझा चेहरा ओढल्यासारखा होतो, नाकाच्या बाजूला पांढऱ्या खपल्या निघतात. मोबाईलवर बघून बेसन, लिंबू आणि मुलतानी मातीचा पॅक लावते, तरी फरक नाही, उलट आगच होते. काय करू?

उत्तर : अगं, आधी तो पॅक बंद कर, आजपासून. मुलतानी माती तेल शोषून घेते, मे महिन्यात घामेजलेल्या चेहऱ्याला ते ठीक, पण आत्ता तुझ्या चेहऱ्यावर मुळात तेलच कमी आहे, तेही काढून घेतलंस तर आग होणारच ना. आणि लिंबू तर चेहऱ्याला नकोच, कुठल्याच ऋतूत. त्वचेचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 5 च्या आसपास, लिंबाच्या रसाचा 2 ते 3, म्हणजे चांगलंच जहाल आम्ल झालं, शिवाय रस नीट धुतला गेला नाही आणि तशीच उन्हात गेलीस तर काळे डाग पडतात, कधी फोडही येतात.

आपल्याकडे थंडी कमी हे खरं, पण रात्री आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, मतलई वारा, तो कोरडा असतो आणि तू नेमकी त्याच वेळेला स्कूटीवर. तोंडाला ओढणी बांधत जा, निम्मं काम तिथेच होईल.

मास्क लावायचाच असेल तर परसातली कोरफड घे. पान कापलं की लगेच गर काढायचा नाही, कापलेली बाजू खाली करून पान एका पेल्यात दहा-पंधरा मिनिटं उभं ठेव, पिवळा चीक खाली उतरतो, तो चेहऱ्याला लागला तर खाज सुटते म्हणून तो फेकायचा, पान धुवायचं, मग साल काढून पांढरा गर घ्यायचा. एक चमचा गर, दोन चमचे नारळाचं जाड दूध (पहिलं, पाणी न घालता पिळलेलं) आणि अर्धा चमचा मध. कोरफड नसेल तर पिकलेलं अर्धं केळं कुस्करून त्यात चमचाभर साय, तेही छान. मध पाणी धरून ठेवतो, नारळाची आणि सायीची चरबी वरून थर देते, थंडीत नेमकं हेच हवं असतं. लावायचं तेवढंच करायचं, उरलेलं फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांनी लावायचं नाही, त्यात टिकायला काही घातलेलं नसतं. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस बघ, लाल झालं नाही तरच तोंडाला. दहा-बारा मिनिटं पुरे, आणि ओलसर असतानाच कोमट पाण्याने धू, कडक वाळून चेहरा ताणला गेला म्हणजे गुण आला असं काही नसतं. धुतल्यावर चेहरा दमट आहे तोवरच क्रीम लाव, हे मास्कपेक्षाही महत्त्वाचं. आणि बंबातलं कढत पाणी तोंडावर घेऊ नकोस गं, सगळं तेल धुऊन जातं. मास्क आठवड्यातून एकदाच लाव.

प्रश्न : मी मालवणात मासे विकते. दिवसभर हात बर्फात आणि खाऱ्या पाण्यात, टाचा फुटल्यात, ओठ आणि गालसुद्धा. सासूबाई म्हणतात मुठेल लाव. बाजारातून गोळा आणलाय पण दगडासारखा आहे, तो तोंडाला चालेल का?

उत्तर : वहिनी, सासूबाई बरोबर सांगतायत. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, ते 40 अंशांच्या आसपास वितळतं म्हणून आपल्या हवेत घट्टच राहतं. सुरीने थोडं खरवडून वाटीत घ्या, वाटी गरम पाण्यात ठेवा, विरघळलं की तेवढंच खोबरेल घालून ढवळा, गार झालं की मलमासारखं होतं. रात्री टाचा कोमट पाण्यात भिजवून पुसून हे चोळा आणि मोजे घाला. हातांनाही लावा, धंद्यावर रबरी हातमोजे जमले तर फार बरं. ओठांना आणि गालांना अगदी बोटभर, तुम्हाला वेगळ्या मास्कची गरजच नाही. भेगांतून रक्त येत असेल किंवा साखरेचा आजार असेल तर मात्र घरी थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा, तोंडभर पिंपल्स आणि त्यातच थंडीत कोरडेपणा. खोबरेल लावू का? (दापोली)

उत्तर : नको, पिंपल्सवाल्या चेहऱ्यावर खोबरेलाने छिद्रं बुजून पिंपल्स वाढू शकतात. नुसता कोरफडीचा गर लावा, चीक काढलेला, आणि तेल नसलेलं हलकं मॉइश्चरायझर. खूप असतील तर त्वचेच्या डॉक्टरकडे न्या, या वयात राहिलेले डाग कधीकधी पुढे जातच नाहीत.

प्रश्न : बाळ सात महिन्यांचं आहे. मी मध-हळद-सायीचा मास्क लावला तर चालेल ना? (रत्नागिरी)

उत्तर : मध वगळ बाई. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात मध अजिबात जायला नको, त्याने क्वचित पण फार गंभीर विषबाधा होते, आणि बाळं आईचं तोंड चाटतातच. साय आणि चिमूटभर हळद लाव, बाळ झोपलं असताना, आणि ते उठायच्या आत तोंड धुऊन टाक.