आईचं वय ५८, फेसलिफ्ट करायचं म्हणते. आधी काय विचारून घ्यावं?

पहिलं म्हणजे सर्जनची पदवी बघा. प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. हवी. 'कॉस्मेटिक एक्स्पर्ट' अशी पाटी कुणीही लावतं. भूल कोण देणार आणि रात्री काही झालं तर जवळ कोण असेल, हेही स्पष्ट विचारा.

फेसलिफ्टने ओघळलेले गाल, जबड्याची कड आणि मान सावरते. कपाळाच्या आठ्या, डोळ्यांखालच्या पिशव्या किंवा त्वचेवरचे डाग जात नाहीत. बऱ्याच जणी इथेच निराश होतात. नुसती कातडी ताणली तर चेहरा ओढल्यासारखा दिसतो, म्हणून चांगले सर्जन त्वचेखालचा स्नायूंवरचा थरही उचलून बसवतात. तुमचे डॉक्टर नेमकं काय करणार, ते विचाराच.

सगळ्यात जास्त आढळणारी गुंतागुंत म्हणजे त्वचेखाली रक्त साकळणं. त्यामुळे आईंचा बीपी आधी आटोक्यात हवा. अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अगदी माशाच्या तेलाच्या कॅप्सूलसुद्धा डॉक्टरांना सांगा. पण हृदयासाठीची गोळी स्वतःहून बंद करू नका. तंबाखू, मिश्री असेल तर किमान चार आठवडे आधी पूर्ण बंद, नाहीतर कानामागची त्वचा काळी पडून मरू शकते. (मिश्री आपल्याकडे कुणी व्यसनात धरत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.) चेहऱ्याची नस (रक्ताची नव्हे, चेहरा हलवणारा मज्जातंतू) दुखावण्याचा धोका कमी असतो, पण असतो.

सूज-काळेनिळेपणा दोन-तीन आठवडे राहतो. घरात लग्न असेल तर दोन महिन्यांचं अंतर ठेवा. खर्च विम्यात बसत नाही, वर १८ टक्के जीएसटी.