एक वाटी कैरीचा कीस म्हणजे किती ग्रॅम? आईच्या वहीत साखरांब्याचं माप वाट्यांत आहे, पण बाजारात कैरी किलोवर मिळते.

तुम्ही वहीतलं माप दिलंय ते असं: चार वाट्या कीस, सहा वाट्या साखर. आधी आकडा सांगते. आमटीची नेहमीची स्टीलची वाटी साधारण १८० मिलिलिटरची असते. तिच्यात कीस दाबून भरला तर माझ्या काट्यावर १४० ते १५० ग्रॅम भरतो. म्हणजे चार वाट्यांना ६०० ग्रॅमच्या आतबाहेर. साल आणि कोय काढून एक किलो कैरीचा मला साडेसहाशे-सातशे ग्रॅम कीस मिळतो, तेव्हा किलोभर कैऱ्या आणा. उरलेला कीस आंबेडाळीत घाला.

आता त्या 'दाबून'कडे नीट बघा, कारण सगळी मेख तिथेच आहे. नुकताच किसलेला कैरीचा कीस पिंजलेल्या कापसासारखा फुगलेला असतो. तो हलक्या हाताने तसाच भरला तर त्याच वाटीत जेमतेम ८५ ग्रॅम बसतो. साखरेचं तसं नाही. दाबा, न दाबा, सपाट वाटीत ती १५० ग्रॅमच्या आसपासच राहते. मी एका वर्षी कीस असा सैल मोजला आणि साखर मात्र वहीत होती तेवढी सगळी घातली. किसाच्या दीडपट-पावणेदोनपट पडायला हवी ती साखर जवळजवळ पावणेतीनपट पडली. गरम होता तोवर साखरांबा सुरेख दिसत होता, पण महिन्याभरात बरणीच्या तळाशी खडीसाखर जमली. हापूसच्या झाडाच्या कोवळ्या कैऱ्या होत्या त्या, अजून जीव हळहळतो.

धान्य आपल्याकडे पायली-मापट्याने मोजत आले, ते चालून गेलं कारण दाणे सारखे बसतात. फळ मात्र कसं चिरलंय त्यावर वाटीतली हवा कमी-जास्त होते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात स्ट्रॉबेरीचं उदाहरण फार बोलकं आहे. त्यांच्या एका कपात, म्हणजे साधारण २४० मिलिलिटरमध्ये, अख्खी स्ट्रॉबेरी १४४ ग्रॅम, अर्ध्या केलेल्या १५२, चकत्या १६६ आणि गर केला की थेट २३२ ग्रॅम. फळ तेच, कप तोच. त्यामुळे 'एक कप फळ म्हणजे इतके ग्रॅम' असा एकच आकडा कुणी दिला तर फोडींचा की गराचा, हे आधी विचारा. त्याच तक्त्यात आंब्याच्या फोडींचा कप १६५ ग्रॅमचा आहे.

तुमची वाटी किती मोठी आहे ते मला इथून दिसत नाही, पण काढणं सोपं आहे. रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. फळांच्या मध्यम फोडी असतील तर त्या आकड्याचे साधारण दोन तृतीयांश धरा. आमरस किंवा गर असेल तर पाण्याइतकंच, किंचित जास्त. किसासाठी मात्र अंदाजावर जाऊ नका, प्रत्यक्ष वजन करा. किसून ठेवला की त्याला पाणी सुटतं आणि तो आपोआप खाली बसतो, म्हणून किसल्या किसल्याच मोजा आणि सुटलेला रस फेकू नका, तोही त्या वजनातलाच आहे.

शक्य असेल तर त्याआधी आईला एवढं विचारून घ्या, की वाटी दाबून भरायची की सैल, आणि साखरेची वाटी सपाट की शीग लावून. वहीत हे कुणीच लिहीत नाही. आणि जुनी वाटी अजून मांडणीवर असेल तर पाणी तिच्यातच भरून बघा.