डॅलसला जावं का, आणि आईंच्या भीतीचं काय

भाऊ, तुमचा निरोप परवाच वाचला. पण सध्या दारव्ह्याजवळ आमच्या गावी आले आहे, लाईन दिवसातून पाच-सहा तास नसते, म्हणून उत्तराला उशीर झाला. मृग लागून आठवडा झाला तरी पाऊस नाही. ओसरीत बियाण्याच्या थैल्या रचून ठेवल्यात आणि सगळे आभाळाकडे पाहून राहिले आहेत.

तुम्ही लिहिलंय की कंपनी अमेरिकेत, टेक्सासातल्या डॅलसला पाठवते आहे, मुलगा सहा वर्षांचा आहे, वहिनी तयार आहेत आणि दिग्रसला आई अडून बसल्या आहेत. त्यांचं वाक्य तुम्ही जसंच्या तसं दिलं ते बरं केलं: "ज्या देशात शायेत लेकराइले गोया घालतेत, थो देश काहून पाह्यजे तुले?" आणि खाली तुमचा प्रश्न, की दर वेळी लोक एवढे रडतात, मोर्चे काढतात, मग बंदुकीचा कायदा का होत नाही? घरभाडं, विमा, गाडी यांचं नंतर सांगते, ते कोणीही सांगेल.

आईंना हसू नका. मी माझ्या आईला हसत होते. टेक्सासातल्याच सॅन अँटोनिओला राहायला आले तेव्हा तिनं हेच विचारलं होतं आणि मी तिला हिशेब सांगितला होता: अमेरिकेत एवढ्या शाळा, त्यातल्या किती शाळांत गोळीबार होतो, आपल्या यवतमाळ रोडवर याहून जास्त माणसं मरतात. हिशेब चूक नव्हता. आजही तो बरोबरच आहे. फक्त 24 मे 2022 नंतर तो माझ्या तोंडातून निघत नाही.

युवाल्डी हे गाव आमच्यापासून सुमारे 130 किलोमीटर, म्हणजे यवतमाळहून नागपूर असतं त्याहून थोडं अलीकडेच. वस्ती पंधरा हजारांच्या आसपास, बहुतेक मेक्सिकन मूळ असलेली माणसं, शेती-मजुरीचं गाव. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायला दोन दिवस होते. अठरा वर्षं नुकतीच पूर्ण झालेल्या एका पोरानं वाढदिवसानंतरच्या आठवड्यात कायदेशीरपणे दोन रायफली विकत घेतल्या आणि रॉब एलिमेंटरी शाळेत शिरून 19 मुलं आणि 2 शिक्षिका मारल्या. मुलं चौथीतली. पोलीस आले, एकूण 376 आले, पण त्याला संपवायला 77 मिनिटं लागली. तेवढा वेळ आई-बाप कुंपणाशी ओरडत होते आणि पोलीस त्यांनाच आवरत होते. आमच्या गावात कोणाच्या गोठ्याला आग लागली तर माणूस आधी बादली घेतो, मग विचारतो कोणाचा गोठा. हे 77 मिनिटांचं मला अजून पचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सॅन अँटोनिओत रक्त द्यायला रांगा लागल्या. मीही उभी राहिले. पुढच्या रविवारी आम्ही दोघी मैत्रिणी गाडी काढून युवाल्डीला गेलो. जायला हवं होतं का, माहीत नाही. लोक बघायला येतात तशीच मीही एक. गावच्या चौकात कारंजाभोवती 21 पांढरे क्रूस रोवले होते, त्यांच्यापाशी टेडी, बेसबॉलचे हातमोजे, चिठ्ठ्या. ऊन आपल्या मे महिन्यासारखं. एका क्रूसजवळ एक म्हातारी घडीच्या खुर्चीवर बसली होती, पदर घ्यावा तसा डोक्यावर टॉवेल घेऊन. ती रडत नव्हती. येणाऱ्या प्रत्येकाला पाण्याची बाटली देत होती. कोणाची कोण होती, विचारलं नाही. मारल्या गेलेल्या एका शिक्षिकेच्या नवऱ्याला दोन दिवसांनी हृदयविकाराचा झटका आला आणि तोही गेला, हे तिथेच कळलं.

मला त्या चौकात काका आठवला. का, ते सांगते, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथूनच सापडलं.

2006 च्या 1 जुलैला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यानंतर दोन महिन्यांनी काकानं औषध घेतलं. आपल्याकडे विषाला औषधच म्हणतात, तुम्हाला सांगायला नको. तेरवीपर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या गाड्या आल्या, पेपरवाले आले, काकूचा फोटो काढताना एकानं तिला "थोडं इकडे पाहा" म्हटलं. चौदाव्या दिवशी कोणी नाही. मग महिनाभरानं कागद आला: सातबारा आजोबांच्या नावावर, कर्ज काकाच्या नावावर नाही, प्रकरण अपात्र. मरणही पात्र-अपात्र असतं हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. युवाल्डीच्या आई-बापांचं पुढं काय होणार, ते मी त्या चौकातच ओळखलं.

पण काकाचं मला सगळ्यात जास्त जे टोचतं ते वेगळंच आहे. त्या संध्याकाळी त्याचं काकूशी भांडण झालं होतं, तेही दोनशे रुपयांवरून. बाटली देवळीत होती, हाताला लागेल अशी. ती वावरातल्या कोठ्यावर असती, दीड किलोमीटर चालून जावं लागलं असतं, तर वाटेत कोणीतरी भेटलं असतं, तंबाखू मागितली असती. कर्ज होतंच, नापिकी होतीच. पण बाटलीही जवळ होती. श्रीलंकेनं सगळ्यात जहाल कीटकनाशकं एकेक करून बंद केली आणि वीस वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर सुमारे 70 टक्के उतरला. तिथल्या माणसांची दुःखं काही तेवढी उतरली नसतील.

अमेरिकेतल्या बंदुकीचं अगदी असंच आहे. शाळेतल्या गोळीबाराच्या बातम्या इथपर्यंत येतात, पण 2021 मध्ये तिथे बंदुकीनं जे सुमारे 48,800 लोक मेले त्यांतले निम्म्याहून जास्त आत्महत्या करून मेले. बंदुकीनं प्रयत्न करणाऱ्या दहांतले नऊ वाचत नाहीत. तिथे माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. राग काय, पोरकटपणा काय, निराशा काय, जगात सगळीकडे आहेत. तिथे त्यांच्या हाताशी बंदूक आहे.

आपल्याकडे देशमुखांच्या वाड्यावर एक दुनळी होती, आठवते? तुमच्याही गावात एखादी असेलच. रानडुकरं आणि रोही पऱ्हाटी उभी ठेवत नाहीत म्हणून घेतलेली. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना, पोलिसांचा अहवाल, कलेक्टर कचेरीच्या चकरा, आणि आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा. लहानपणी आम्हाला तो जाच वाटायचा. टेक्सासात अठराव्या वर्षी दुकानात जायचं, फॉर्म भरायचा, संगणकावर नाव तपासतात, 2022 पर्यंत तर बऱ्याचदा काही मिनिटांत काम व्हायचं. दुकानातून पिस्तूल घ्यायला 21 वर्षं लागतात, रायफलीला 18. उलटं वाटतं ना? मलाही. आणि एका साध्या माणसानं दुसऱ्याला विकली तर ती तपासणीही नाही. 2021 च्या सप्टेंबरपासून तर पिस्तूल कमरेला लावून फिरायलाही टेक्सासात परवाना लागत नाही.

आता कायदा का होत नाही. होतो, पण थोडा थोडा. युवाल्डीनंतर महिन्याभरात, 25 जून 2022 ला, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी एका कायद्यावर सही केली; 21 वर्षांखालच्या गिऱ्हाइकाची जास्त कसून तपासणी, एवढं त्यात आलं. जवळपास तीस वर्षांतला तो पहिला मोठा केंद्रीय कायदा. गंमत बघा, सिनेटनं, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहानं, तो ज्या दिवशी मंजूर केला त्याच दिवशी तिथल्या सुप्रीम कोर्टानं न्यूयॉर्कचा घराबाहेर बंदूक बाळगण्यावरचा जुना निर्बंध रद्द केला. एका हातानं पेरायचं आणि दुसऱ्यानं उपटायचं.

त्याआधी 2012 मध्ये सँडी हूकच्या शाळेत वीस चिमुरडी आणि सहा मोठी माणसं गेली होती. तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता तरी. 2013 च्या एप्रिलमध्ये खासगी विक्रीतल्या तपासणीचा प्रस्ताव सिनेटमध्ये आला आणि 54 विरुद्ध 46 मतांनी पडला. बरोबर वाचलंत, 54 बाजूनं होते, 60 लागतात. मुंबईएवढ्या माणसांच्या राज्याला दोन सिनेटर आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्याहून कमी माणसांच्या राज्यालाही दोनच, त्यावर 60 ची अट, आणि वर 1791 ची दुसरी घटनादुरुस्ती, बंदूक बाळगायचा हक्क देणारी. न्यूझीलंडमध्ये 15 मार्च 2019 ला ख्राइस्टचर्चच्या मशिदींत 51 माणसं मेली आणि 10 एप्रिलला 119 विरुद्ध 1 मतांनी कायदा झाला. तिथे असा अडसर नव्हता.

युवाल्डीच्या आई-बापांची मागणी फार छोटी होती: रायफलीचं वय 18 चं 21 करा. ते टेक्सास विधिमंडळाच्या 2023 च्या अधिवेशनभर राजधानी ऑस्टिनला खेपा घालत राहिले, लेकरांचे फोटो छापलेले टी-शर्ट घालून. विधेयक समितीतच अडकलं होतं. मग 6 मेला ॲलनच्या मॉलमध्ये गोळीबार झाला, आठ जण गेले, त्यात तेलंगणाची एक तरुण इंजिनिअर होती. ॲलन म्हणजे डॅलसच्या उत्तरेचं उपनगर, आपली भारतीय माणसं जिथे घरं घेतात तोच पट्टा, तुम्हीही बहुधा तिकडेच घर बघाल. दोन दिवसांनी समितीनं विधेयक 8 विरुद्ध 5 नं पुढं पाठवलं. दुसऱ्या दिवशी मुदत संपली आणि ते मेलं. त्याऐवजी प्रत्येक शाळेत हत्यारबंद रक्षक हवा असा कायदा झाला. याउलट फ्लोरिडात, तेही टेक्साससारखंच रिपब्लिकनांचं राज्य, पार्कलंडच्या शाळेत 17 जण गेल्यावर त्या पोरांनीच राजधानी गाठली आणि तीन आठवड्यांत वय 21 झालं. म्हणजे अशक्य काही नाही. चौदाव्या दिवसानंतर कोण येत राहतं, त्यावर आहे.

बंदूकवाल्यांची बाजू घेऊन एक सांगते. आमच्या शेजारचे आजोबा, वय 74, अकरा बंदुका. माझं गवत कापायचं यंत्र तेच दुरुस्त करून देतात. 24 मेच्या रात्री ते अंगणात बसून ढसाढसा रडले, मी पाहिलं आहे. आणि बंदुकीच्या कायद्याला मत? कधीच नाही. त्यांना बंदूक म्हणजे आपल्याला धुरा, शेताचा बांध, बापजाद्यांचा. एक वीत सरकवली की भांडण. या माणसांना राक्षस समजून जाऊ नका, त्यांच्यातच राहायचं आहे.

आता तुमच्या कामाचं. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, शिकारीच्या लायसनसारखे काही अपवाद सोडले, तर तुम्हाला बंदूक हातात धरायची केंद्रीय कायद्यानं मनाई आहे. ऑफिसातले मित्र हौसेनं नेमबाजीच्या रेंजवर नेतील. आधी वकिलाला विचारा, नाहीतर व्हिसा गोत्यात येईल.

मुलगा कोणाच्या घरी खेळायला जाणार असेल तर त्याच्या आईला सरळ विचारा: घरात बंदूक आहे का, आणि कुलपात आहे का? पहिल्यांदा विचारताना माझी जीभ अडखळली होती. कोणी रागावलं नाही. तिथले बालरोगतज्ज्ञही हेच विचारतात. एकीनं "हो, नवऱ्याच्या टेबलाच्या खणात" म्हणून सांगितलं. तेव्हापासून तिची मुलगी आमच्याकडे खेळायला येते.

शाळेत लॉकडाऊनचा, म्हणजे बंदूकवाला शिरला तर काय करायचं याचा, सराव असतो. दिवे बंद, दाराला कडी, मुलं कोपऱ्यात गप्प. माझ्या धाकट्याला बाईंनी सांगितलं होतं की लांडगा आला आहे आणि त्याला आवाज ऐकू जाऊ द्यायचा नाही. त्यानं घरी येऊन मला विचारलं, लांडगा दार का ठोठावत नाही? डॅलसच्या सरकारी शाळांत 2022 पासून सहावीपासूनच्या मुलांना आरपार दिसणारं दप्तर लागतं. तुमच्याला अजून वेळ आहे.

जावं का? मी असते तर गेले असते, आणि आईंना पहिल्याच वर्षी सहा महिने बोलावून घेतलं असतं. नातवाला शाळेच्या दारातून बाहेर येताना रोज स्वतः पाहिलं की भीती जात नाही, पण तिला काहीतरी काम मिळतं.

आणि सामानाचं विचारलंत म्हणून. चालताना खाली लाल-निळे दिवे लागतात ते बूट आठवडी बाजारातून शाळेसाठी घेऊ नका. अंधाऱ्या वर्गात, सरावाच्या वेळी, पाय हलला की ते चमकतात. मागच्या खेपेला माझ्या आईनं दारव्ह्याहून तेच आणून ठेवले होते, मोठ्या हौसेनं. मी ते घरात घालायला ठेवले, शाळेत एकदाही नाही. तिला सांगितलं, पाय वाढला. आज सकाळी तिनं एक नंबर मोठे आणले आहेत.