गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात बदली झालीय, तिथले लोक कसे आहेत?

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका, माहेर-सासर दोन्ही म्हापशाचं. आता सत्तरीतल्या एका शाळेत बदली झालीय. सगळे म्हणतात जंगल आहे, लांब आहे. तालुका नेमका कसा, कोण लोक राहतात? रोज जाऊन-येऊन जमेल का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : ताई, आधी अभिनंदन, कारण सत्तरीतली मुलं तुम्हाला खूप शिकवतील. मुख्य गाव वाळपई, तिथे बाजार, नगरपालिका, हिंदू-मुसलमान-ख्रिस्ती सगळी वस्ती. बाकी तालुका म्हणजे म्हादई नदी, तिच्या दोन्ही बाजूंना विखुरलेली गावं आणि मागे सह्याद्री, वर चोर्ला घाट. १९९९ साली म्हादई अभयारण्य झालं, २०८ चौरस किलोमीटर, त्यात माणसांची गावं पण आली.

लोक म्हणाल तर मराठा, गावडे, रानात गुरं राखणारे धनगर-गवळी, शिवाय राणे घराणी. १८५२ला दीपाजी राणेंनी पोर्तुगीजांविरुद्ध उठाव केला तो इथूनच, नाणूसचा किल्ला घेऊन. गावोगाव सातेरी देवीची देवळं. शिगमो, म्हणजे इथला शिमगा, बघाच. झर्म्याला चोरोत्सवात काही जणांना गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात आणि अख्खा गाव जमतो. मुलं हे सगळं आपल्या आजोबांकडून ऐकून असतात, वर्गात विचारा, तास पुरणार नाही.

पण सत्तरी समजायची तर जमिनीचं विचारा. पिढ्यान्‌पिढ्या ज्या डोंगरावर काजू लावले तो कागदावर सरकारचा किंवा दुसऱ्याच कुणाच्या नावावर, असं कित्येक घरांचं आहे. शेळ-मेळावलीला आयआयटी आणायचं ठरलं तेव्हा लोक, विशेषतः बायका, रस्त्यावर का उतरल्या ते यातूनच कळतं. जानेवारी २०२१मध्ये तो प्रकल्प तिथून हलवावा लागला. मला विचाराल तर त्यांचं बरोबरच होतं, काजू गेला की घर चालणार कशावर?

मार्च ते मे काजूचा सीझन, तेव्हा घरचे सगळे पहाटेच बागेत, मुलं पण बोंडं गोळा करायला, मग बिया वेगळ्या काढायच्या, बोंडं मळून रस काढायचा आणि दारू गाळायची भाटी पेटली की हुर्राकचा, म्हणजे काजूच्या दारूचा, वास गावभर. त्या दिवसांत पटावर मुलं कमी दिसली तर लगेच ओरडू नका, आधी घरी जाऊन भेटा, चहा घेतल्याशिवाय कुणी सोडणार नाही तुम्हाला.

रोज जाण्या-येण्याचं म्हणाल तर नका करू. डिचोली, साखळी, होंडा करत वाळपई, आणि तिथून आतल्या गावाला बस कमी, एक चुकली की बसा वाट बघत. वाळपईत खोली घ्या. शाळा नदीकाठच्या गावात असेल तर पावसात मोबाईल चार्ज ठेवा आणि पाण्याची खबर गावातल्यांकडूनच घ्या, जुलै २०२१च्या पुरात सत्तरीत घरं पडली होती.