'मॅडम, डिप्लोमा करून 19,900च?'

मुलगा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, चाकणला कंत्राटी नोकरीत. घर जळगावकडचं, शेतीवाल्यांचं. त्याला रेल्वेत असिस्टंट लोको पायलटचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्याच्या मदतनिसाचा, फॉर्म भरायचा होता आणि वडील ऐकायला तयार नव्हते. खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी जाहिरातीची प्रिंट माझ्यापुढे सरकवली. "लेव्हल 2, 19,900. याच्यापेक्षा दोन पैसे जास्त तर चाकणला मिळतात. मग रात्री-बेरात्री गाड्या कशाला हाकायच्या?"

प्रत्येक भरतीच्या वेळी हा प्रश्न माझ्याकडे येतोच. मी तीच प्रिंट उलटी करून हिशेब मांडला. लेव्हल म्हणजे सरकारी पगाराची पायरी, आणि 19,900 हे तिथलं नुसतं मूळ वेतन. धावत्या गाडीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत त्याचे आणखी 30 टक्के, म्हणजे 5,970 रुपये, भत्ते काढताना वेतनच धरले जातात. त्यामुळे महागाई भत्ता निघतो तो 25,870 वर. घरभाड्याचंही तसंच. शिवाय मायलेज, म्हणजे जितके किलोमीटर धावाल त्याप्रमाणे मिळणारा भत्ता, आणि रात्रीच्या ड्यूटीचा वेगळा. वडिलांचा आवाज जरा खाली आला. पण मुलालाही लगेच बजावलं, मायलेज धरून बाइकचा हप्ता ठरवू नकोस. रजा काढली, आजारी पडलास की ते आटतं.

"आणि पुढे? जन्मभर असिस्टंटच?" वडिलांचा दुसरा प्रश्न. मालगाडीचा लोको पायलट झालं की लेव्हल 6, तिथलं सुरुवातीचं मूळ वेतन 35,400. खरी उडी तीच. त्यापुढे पॅसेंजर, मेल-एक्स्प्रेस असा मान वाढत जातो, पण लेव्हल 6च राहते. लोको इन्स्पेक्टर झालात तर 7. साताऱ्याच्या लोको पायलट सुरेखा यादव 1989 मध्ये असिस्टंट झाल्या, 1996 मध्ये मालगाडीवर गेल्या आणि 2023 मध्ये त्यांनी सोलापूर-मुंबई वंदे भारत चालवली. सगळ्यांना याच गतीने मिळतं असं नाही; डिव्हिजनमध्ये, म्हणजे रेल्वेच्या त्या विभागात, जागा किती रिकाम्या होतात, त्यावर सगळं अडतं.

म्हणूनच मुलाचा एक बेत मला पटेना. जागा जास्त दिसतात म्हणून तो लांबच्या राज्यातल्या रेल्वे भरती बोर्डाचा फॉर्म भरणार होता, 'नंतर बदली करून घेऊ' म्हणत. स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आलात तर ज्येष्ठता यादीत तळाला बसता. घरी आल्याचं सुख मिळतं, प्रमोशन मात्र लांबतं. अर्ज एकाच बोर्डाला करता येतो, त्यामुळे करिअरचा निम्मा निर्णय त्या एका रकान्यातच होतो. क्लासवाले हे का सांगत नाहीत, कोण जाणे.

पगारावरून बापलेकांत महिनाभर अबोला होता, पण डोळ्यांचा विषय कुणी काढलाच नव्हता. या पदाला ए-1 मेडिकल लागतं: चष्म्याशिवाय दोन्ही डोळे 6/6, रंगांची ओळख पक्की. लेझर करून चष्मा घालवलेला चालत नाही. फीचे पैसे भरण्याआधी डोळे तपासून घ्यायला सांगितलं. त्याचे डोळे ठीक निघाले.

राहिली झोप. त्यावर मी बोलून उपयोग नव्हता, म्हणून त्याच्या ओळखीतल्या भुसावळच्या एका मालगाडीवाल्याकडे त्याला पाठवलं. परत आला तो जरा गंभीर होऊनच. रात्री दीडला कॉल, लॉबीत, म्हणजे ड्यूटीच्या ऑफिसात, जाऊन तोंडाने फुंकून दारूची तपासणी, मग साइन ऑन, म्हणजे ड्यूटीवर हजर झाल्याची नोंद. गाडी मध्येच लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी राहिली की घरी कधी पोचणार ते सांगता येत नाही. दुपारी रनिंग रूममध्ये, म्हणजे रेल्वेच्या विश्रांतीच्या खोलीत, पडदे ओढून झोपायचं. "काका म्हणाले, दिवाळी कॅलेंडरवर बघायची," तो म्हणाला. "पण मॅडम, चाकणला तरी कुठे घरी असतो मी?"

वडील यावर काही बोलले नाहीत. क्वार्टर मिळतं का, एवढंच त्यांनी विचारलं. मिळतं, पण रांग असते. आणि घेतलं की घरभाडं भत्ता बंद.

फॉर्म मुंबई बोर्डाचा भरला. चाकणची नोकरी रेल्वेचं जॉइनिंग लेटर हातात पडेपर्यंत सोडायची नाही, असं तिघांत ठरलं.