बाळंतपणासाठी दवाखान्यात जाताना बॅगेत नक्की काय काय भरावं?

तुम्ही लिहिलंय की ३३वा आठवडा चालू आहे, पहिलीच खेप आहे, निरनिराळ्या याद्या वाचून डोकं भणभणलंय आणि सासूबाई म्हणताहेत की बाळ हातात येईपर्यंत त्याचं काहीही आणून ठेवायचं नाही. माझी दोन बाळंतपणं झाली. पहिलं माहेरी, कराडला, एका छोट्या खासगी दवाखान्यात, नॉर्मल. दुसरं पुण्यात, सिझर. मधल्या काळात नणंदेच्या वेळी सरकारी रुग्णालयात तिच्या सोबतीला राहिले. त्या तिन्ही वेळच्या अनुभवावरून सांगते.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. बॅग तुम्ही भरणार, पण ती उघडणार दुसरंच कुणीतरी. तुम्ही त्या वेळी आत लेबर रूममध्ये असाल. हे मला पहिल्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या कळा रात्री सुरू झाल्या. नवरा पुण्याहून निघाला होता, पण पोचला नव्हता. बाळ झालं तेव्हा आई खाली औषधं आणायला गेलेली, आणि दाराबाहेर माझा १९ वर्षांचा भाऊ एकटा. सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "बाळाचे कपडे द्या, लवकर." मी एकच मोठी बॅग भरली होती आणि बाळाचे कपडे चुरगळू नयेत म्हणून अगदी तळाशी ठेवले होते. भावाला झबलं कुठलं आणि दुपटं कुठलं हेही माहीत नव्हतं. त्याने सगळी बॅग बाकावर उपसली, माझे गाऊन, टॉवेल, पॅडची पाकिटं, आणि शेवटी घाबरून जे मऊ हाताला लागलं ते दिलं. ती माझी ओढणी होती. माझ्या लेकीला पहिल्यांदा त्या ओढणीत गुंडाळलं गेलं. पुढे सगळं नीट झालं, पण भाऊ त्या रात्री रडला, आणि चूक त्याची नव्हती, माझ्या बॅगेची होती.

म्हणून दुसऱ्या वेळी मी तीन पिशव्या केल्या. तुम्हीही तसंच करा. एक छोटी, लेबर रूमची. एक बाळाची. आणि तिसरी मोठी, जी वॉर्डात गेल्यावरच लागते. तिन्हींवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवा. आत वस्तू पारदर्शक पिशव्यांमध्ये गटागटाने ठेवा. बाळाच्या पिशवीत तर सगळ्यात वर एक जोड तयार ठेवा: एक झबलं, एक लंगोट, एक टोपडं, दोन दुपटी, एकत्र गुंडाळून. "बाळाचे कपडे द्या" म्हटलं की ती गुंडाळी उचलून द्यायची, एवढंच. हे कपडे लगेच का मागतात, तर ओल्या अंगाने बाहेर आलेलं बाळ झपाट्याने थंड पडतं. त्याला कोरडं करून, आईच्या छातीशी ठेवून वरून पांघरूण घालतात. डोक्यातून ऊब फार जाते, म्हणून टोपडं विसरू नका, उन्हाळा असला तरी.

लेबर रूमच्या पिशवीत फार काही लागत नाही. पाण्याची बाटली, तीही नळीची, कारण आडवं पडून घोट घ्यावा लागतो आणि सिझर झालं तर नंतर काही तास मान उचलवत नाही. ओठ सुकतात म्हणून थोडी व्हॅसलीन. केस बांधायला रबर. पायमोजे, कारण बऱ्याच जणींना बाळ झाल्यावर हुडहुडी भरते. मला दोन्ही वेळी भरली होती. पॅडचं एक पाकीट. कळा लांबल्या तर खजूर किंवा ग्लुकोजची बिस्किटं, पण ती डॉक्टरांना विचारूनच खायची. सिझरची शक्यता असेल तर पोट रिकामं ठेवायला सांगतात.

आणि बांगड्या. डोहाळजेवणात भरलेला हिरवा चुडा काढायला जीव होत नाही, ते मला कळतं. पण शेवटच्या महिन्यात हात सुजतात, सलाईनची सुई मनगटाजवळ किंवा हाताच्या पाठीवर लावतात, आणि ऐन वेळी बांगड्या फोडून काढाव्या लागतात. घरीच साबणाच्या पाण्याने सावकाश उतरवा. अंगठी, जोडवी, मंगळसूत्रही घरीच काढून आईकडे किंवा सासूबाईंकडे द्या. नेलपॉलिश पुसून जा. बोटाला जो चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन बघतात, त्याला गडद रंगाची अडचण होते.

आता सासूबाईंचं. तुम्हाला राग आलाय हे तुमच्या प्रश्नातून दिसतंय, पण त्यांच्याशी भांडू नका असं मी मनापासून सांगेन. ज्या पिढीने पोटातलं आणि पाळण्यातलं मूल गमावलेलं पाहिलंय, ती पिढी आधी तयारी करायला घाबरते. माझ्या सासूबाईंचंही हेच होतं. मी त्यांना म्हटलं, "आई, नवं काही आणत नाही, जुन्याची दुपटी करून द्याल का?" त्यांनी स्वतः ट्रंक उघडली. त्यांच्या सासूबाईंचं एक सुती लुगडं निघालं, धुऊन धुऊन साईसारखं मऊ झालेलं. एका नऊवारी लुगड्यात सात-आठ दुपटी सहज निघतात. त्यांनी दुपारी बसून हाताने कडा शिवल्या. आपल्याकडे नवजात बाळाला पहिले दिवस जुनंच घालायची जी रीत आहे ती सोयीचीही आहे. जुनं सुती कापड घाम आणि शू टिपून घेतं, टोचत नाही, आणि त्यात नव्या कापडाची खळ नसते.

फक्त एक काळजी घ्या. ट्रंकेत डांबरगोळ्या असतील तर ते कपडे तसेच बाळाला घालू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक विकर (एन्झाइम) कमी असतं, आणि डांबरगोळीच्या वासाने, स्पर्शाने त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. आपलं बाळ त्यातलं आहे की नाही हे आधी कळत नाही. ज्या कपड्यांना तो वास येतोय ते बाळासाठी घेऊच नका. बाकीचे साध्या साबणाने धुवा, कडक उन्हात वाळवा, इस्त्री करा.

मोजायचं झालं तर दहा-बारा लंगोट, आठ दुपटी, पुढून बंद बांधायची पाच-सहा झबली (डोक्यातून घालायची नकोत, मान धरवत नाही), तीन टोपडी, एक गोधडी किंवा पातळ शाल. दुपटी जास्त घ्या. पहिल्या दोन-तीन दिवसांत बाळाची शी काळीभोर, डांबरासारखी चिकट असते आणि ती लंगोटातून दुपट्यावर येतेच. ती पुसायला कापूस आणि कोमट पाणी पुरतं. छोटा थर्मास त्यासाठी पाहिजेच.

बाळासाठी काय न्यायचं नाही हेही सांगते, कारण घरचे प्रेमानेच बॅगेत घालतात. मध नको, बोटाने चाटवायलाही नको. एक वर्षाच्या आत मधातून होणारी बाधा बाळाला जिवावर बेतू शकते. गुटी, साखरपाणी नको. काजळ नको, पावडर नको. दुधाचा डबा आणि बाटली नको. पहिल्या तासातच बाळाला अंगावर घ्यायचं असतं, आणि जे थोडंसं घट्ट पिवळं चिकाचं दूध येतं तेवढं त्याला पुरतं. भरपूर दूध उतरायला दोन ते चार दिवस लागतात, सिझरनंतर कधी थोडे जास्त. त्या दिवसांत वॉर्डातली प्रत्येक बाई येऊन "दूध नाही गं हिला" म्हणेल. ऐकून घ्या आणि बाळाला पुन्हा पुन्हा लावत राहा. एक स्टीलची लहान वाटी आणि चमचा मात्र ठेवा. बाळाला ओढता येत नसेल तर सिस्टर हाताने दूध काढून तसं पाजायला शिकवतात.

तुमच्यासाठी मोठ्या पिशवीत तीन-चार गाऊन घ्या, पुढून पूर्ण उघडणारे. नुसती छातीशी छोटी चेन असलेले घेऊ नका, बाळ नीट धरता येत नाही. गडद रंगाचे असले तर डागांची काळजी नाही. पॅड मोठे आणि सुती घ्या. वर प्लास्टिकची जाळी असलेले टाक्यांना टोचतात. सुरुवातीला अंगावरून बरंच जातं, नंतर कमी होत चार ते सहा आठवडे चालतं, म्हणजे दवाखान्यापुरती दोन-तीन पाकिटं पुरे, बाकी घरी. चड्ड्या सैल आणि कमरेच्या वरपर्यंत येणाऱ्या. हे सिझरवालीला फार महत्त्वाचं, नाहीतर इलास्टिक बरोबर टाक्यांवर बसतं. कानाला बांधायला स्कार्फ (आई तो बांधल्याशिवाय राहणार नाहीच), घसरणार नाहीत अशा चपला, टॉवेल, साबण, ब्रश, आणि ओल्या-खराब कपड्यांसाठी चार-पाच मोकळ्या पिशव्या. पोटाचा पट्टा आधी घेऊ नका, तुमचे डॉक्टर काय म्हणतात ते बघून नंतर आणता येतो.

खाण्याचं घरून येईलच. डिंकाचे लाडू मात्र पहिल्या दिवसापासून सुरू करायची घाई नको; पोट साफ होईपर्यंत पेज, मऊ भात-तूप, मुगाचं वरण हेच बरं वाटतं. टाके असताना कुंथायला लागणं फार वाईट.

फाइल वेगळी, हातात धरायची. त्यात माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे, रक्तगट, हिमोग्लोबिन, एचआयव्ही आणि काविळीचे रिपोर्ट, दोघांची आधार कार्डं आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर फाइलच्या वरच लाल पेनाने लिहा. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर तुम्हाला ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन लागतं, आणि लहान गावात ते आयत्या वेळी शोधत फिरावं लागू नये म्हणून दवाखान्यात ते आहे का हे आजच विचारा. विमा असेल तर पॉलिसीत बाळंतपण धरलंय का आणि त्याची थांबण्याची मुदत (वेटिंग पीरियड) संपलीय का हे फोन करून पक्कं करा. थोडी रोख ठेवा, सुट्ट्या नोटांत.

सरकारी रुग्णालयात जाणार असाल तर थोडी वेगळी तयारी. नणंदेला तिथे काळजीने बघितलं, हे मी मुद्दाम लिहिते. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त हे सगळं मोफत आहे, जेवणही मिळतं, नॉर्मलला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवसांपर्यंत. घरून नेण्यासाठी आणि परत सोडण्यासाठी १०२ ची गाडी आहे. जिवाची घाई असेल तर १०८. पण बादली, मग, ताट-वाटी, दोन चादरी, मच्छरदाणी आणि सोबतच्या बाईला झोपायला चटई हे आपण न्यावं. आम्ही पहिल्या रात्री बादलीशिवाय होतो आणि शेजारच्या खाटेवरच्या आजींनी त्यांची दिली. आणखी एक: प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक व्यक्ती असू द्यावी असं केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांसाठी २०१६ मध्येच सांगितलंय. स्वतः बाळंत झालेली बाई असेल तर उत्तम. आत कोण येणार हे आधी ठरवा आणि तपासणीला जाल तेव्हा सिस्टरना विचारून ठेवा. माझा हात धरायला दुसऱ्या वेळी जाऊ होती, आणि ते कुठल्याच पिशवीत भरून नेता येत नाही.

सोबत राहणाऱ्या माणसाचीही एक पिशवी लागते. चार्जर लांब वायरचा, शक्यतो एक्स्टेन्शन बोर्डासकट, अंगावर घ्यायला चादर, एक जोड कपडे, त्यांची रोजची औषधं. माझ्या आईची बीपीची गोळी दोन दिवस चुकली होती, कारण सगळ्यांचं लक्ष माझ्यात.

बाळ घरी येण्याआधी त्याला बीसीजी, पोलिओचा डोस आणि २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस मिळाली का ते कार्डावर बघून घ्या. जन्मनोंदणी २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. दवाखाना ती माहिती पाठवतो, पण फॉर्मवर आई-वडिलांची नावं आधार कार्डाप्रमाणे अक्षर न् अक्षर तपासल्याशिवाय सही करू नका. बाळाचं नाव ठरलं नसलं तरी नोंद होते. १२ महिन्यांच्या आत नाव घालायला पैसे पडत नाहीत. बारसं निवांत होऊ द्या.

बॅग ३५व्या आठवड्यापर्यंत भरून दाराजवळ ठेवा. भरून झाली की नवऱ्याला, आणि माहेरी जाणार असाल तर तिथे जो कुणी बाहेर थांबणार असेल त्याला, समोर बसवा. तुम्ही पलंगावर बसा, हात लावू नका आणि म्हणा, "बाळाचे कपडे द्या." मग "पॅड द्या." मग "ब्लड ग्रुपचा रिपोर्ट." त्याला न शोधता सापडलं तर झालं. नाही सापडलं तर बॅग त्यालाच पुन्हा भरू द्या. आणि पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर बॅग तयार नसली तरी फाइल घेऊन तडक निघा. कपडे कुणीही मागून आणून देईल.