हिप्नोबर्थिंगचे २४ हजार आणि सोमवारचा राजीनामा

प्रश्न: मी ३० वर्षांची, पिंपळे सौदागरला राहते. पहिलंच बाळंतपण, बाविसावा आठवडा चालू आहे. मैत्रिणीने हिप्नोबर्थिंगचा क्लास सुचवलाय. सहा ऑनलाइन सत्रं, रोज ऐकायचे ऑडिओ, फी २४,०००. क्लासवाल्या म्हणतात, भीती गेली की कळा सुसह्य होतात, एपिड्युरल (कळा बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन) लागत नाही, सिझेरियनही बहुतेक टळतं. हॉस्पिटलने नॉर्मलला ८५ हजार आणि सिझेरियनला दीड लाख सांगितलेत. म्हणजे फी वसूल होऊन वर ४० हजार वाचतील. क्लास लावावा का? माझा पगार हातात ४६,०००, यजमानांचा ६८,०००. घराचा हप्ता ३०,०००, कर्ज ३४ लाख बाकी. सरावाला निवांतपणा हवा आणि सासूबाईंचंही तेच म्हणणं आहे, म्हणून सोमवारी राजीनामा देतेय. दोन महिने नोटीस आहे. ऑफिस ऐंशी-नव्वद माणसांचं, माझी तीन वर्षं झाली. तिथल्या ग्रुप मेडिक्लेममध्ये बाळंतपणाला नॉर्मल ५० आणि सिझेरियन ७५ हजार मिळतात. तो बंद होईल म्हणून नवा मेडिक्लेम काढणार आहोत. यजमानांच्या कंपनीत नाही. बाळासाठी नुकतीच चाइल्ड पॉलिसी घेतली, वर्षाला १ लाख २० हजार. एफडी १ लाख ९० हजार. डोहाळजेवणाचा हॉल बुक केलाय.

उत्तर:

ताई, सोमवारी राजीनामा देऊ नका. क्लासचं नंतर बघू.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. २४ हजारांवर आठ ओळी आहेत आणि राजीनाम्यावर दोन. पैशाच्या मापाने बघितलं तर हे प्रमाण उलटं हवं होतं. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा हा तुमचा हक्क आहे. बाळंतपणाच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की पुरे; तुमची तर तीन वर्षं झालीत. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. सहा गुणिले ४६ हजार, पावणेतीन लाख. त्यात ग्रुप मेडिक्लेमचे ७५ हजार धरा. साडेतीन लाख रुपये तुम्ही सोमवारी सकाळी एका ईमेलने सोडून देणार आहात, आणि मला विचारताय २४ हजारांचं. गरोदर बाईला त्या कारणावरून कामावरून काढता येत नाही, हे कायदा बघतो. तिने आपणहून राजीनामा दिला तर कायदा काय करणार?

आता कॅलेंडर घ्या. आज बाविसावा आठवडा. सोमवारी राजीनामा, दोन महिने नोटीस, म्हणजे घरी बसणार एकतिसाव्या आठवड्याच्या आसपास. आणि हक्काची रजा बाळंतपणाच्या तारखेआधी आठ आठवड्यांपर्यंत सुरू करता येते, म्हणजे बत्तिसाव्या आठवड्यापासून. फरक किती? दहा-बारा दिवस. तेवढे दिवस तुमच्या साठलेल्या रजेत बसतील. नसतील बसत तर बिनपगारी घ्या, पंधरा-वीस हजार जातील. सासूबाईंना हवा तो आराम मिळेल, तुम्हाला हवा तो निवांतपणा मिळेल, आणि पगार चालू राहील.

आठ आठवडे आधी घेतलेत तर नंतरचे अठरा उरतात, चार महिने. त्यानंतर वर्षभर बाळाजवळ थांबायचं असेल तर जरूर थांबा, पण तो निर्णय तेव्हा, बाळ मांडीवर असताना घ्या. तेव्हा तुम्हाला जे माहीत असेल ते आज माहीत नाही. रजेचा अर्ज लेखी द्या, तारीख घालून, आणि एचआरकडून उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी 'हो हो, करू' चालत नाही.

नव्या मेडिक्लेमचं. कोणी सांगितलं तुम्हाला की आज पॉलिसी काढली की चार महिन्यांनी बाळंतपणाचे पैसे मिळतात? वैयक्तिक पॉलिसीत प्रसूतीला प्रतीक्षा कालावधी असतो, बहुतेक ठिकाणी दोन ते चार वर्षांचा. पोटात असलेल्या बाळासाठी ती उपयोगाची नाही. हे विकणाऱ्याला माहीत असतं, तो फक्त तुम्ही विचारायची वाट बघतो. मेडिक्लेम घ्यायला माझा विरोध नाही. यजमानांच्या कंपनीत काहीच नाही म्हणता, तर तिघांचा फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच मेडिक्लेम) लागणारच आहे. पण तो तुमच्या ऑफिसच्या कव्हरच्या जागी नाही, त्याच्या जोडीला. आणि एचआरला आजच विचारून ठेवा की बाळाचं नाव ग्रुप पॉलिसीत किती दिवसांत घालावं लागतं. काचेच्या पेटीत चार दिवस ठेवायची वेळ आली तर बाळंतपणाच्या बिलाइतकंच दुसरं बिल होऊ शकतं.

आता ती चाइल्ड पॉलिसी. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या तिच्या फोटोत तिसऱ्या पानावर यजमानांचा अंगठा आलाय, आणि अंगठ्याखाली नेमका तो आकडा आहे जो बघायला हवा होता. दहा वर्षं १ लाख २० हजार भरायचे, विसाव्या वर्षी २६ लाख मिळणार. ती विकणाऱ्या बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, 'दुपटीहून जास्त, हमखास.' दुप्पट खरी आहे. पण वीस वर्षांत दुप्पट करायला कोणाची हुशारी लागत नाही. हिशेब केला तर परतावा वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास येतो. हेच पैसे दहा वर्षं पीपीएफमध्ये टाकून पुढची दहा वर्षं नुसते ठेवले, तर आजच्या ७.१ टक्क्यांनी साधारण ३५ लाख होतात. नऊ लाखांचा फरक आहे, आणि मुलगी झाली तर सुकन्या समृद्धीत सध्या ८.२ टक्के मिळतायत.

शिवाय 'बाळासाठी पॉलिसी' हा शब्दप्रयोगच बघा. जन्माला न आलेल्या बाळाचा विमा निघत नाही. ही पॉलिसी तुमच्या यजमानांच्या आयुष्यावर आहे आणि त्यात संरक्षण आहे १२ लाखांचं. कर्ज आहे ३४ लाखांचं. उद्या काही बरंवाईट झालं तर बाळाच्या वाट्याला पॉलिसी येईल की बँकेची नोटीस? त्यांच्या वयाच्या निर्व्यसनी माणसाला एक कोटीचा टर्म प्लॅन (माणूस गेला तरच पैसे देणारा साधा विमा) वर्षाला साधारण बारा-पंधरा हजारांत मिळतो. तो आधी घ्यायचा होता. मॅडमनी तो दाखवला नाही, कारण पंधरा हजारांच्या हप्त्यावर कमिशन ते किती मिळणार!

सुटका आहे, आणि ती आत्ताच आहे. पॉलिसीची कागदपत्रं हातात पडल्यापासून ३० दिवस फ्री लुकचे, म्हणजे पॉलिसी परत करायचे, असतात. तुम्हाला ती ९ तारखेला मिळाली. तेवढ्यात विमा कंपनीला (बँकेला नव्हे) लेखी कळवलंत तर मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि गेलेल्या दिवसांचा विम्याचा भाग कापून बाकी रक्कम परत येते. मॅडमचा फोन येईल. 'पुढच्या वर्षी बघा ना, एक हप्ता तर गेलाच आहे' म्हणतील. तो अजून गेलेला नाही, ३० दिवसांनी जाईल. टर्म प्लॅन मंजूर होऊन हातात आला की मगच हे पत्र पाठवा असा नियम मी एरवी सांगतो. इथे दिवस कमी आहेत, दोन्ही अर्ज एकाच दिवशी करा.

राजीनामा दिला असता तर घर कसं चाललं असतं तेही बघून घ्या. ६८ हजारांतून हप्त्याचे ३० गेले, पॉलिसीचे महिन्याला १० गेले, उरले २८ हजार, आणि घरात तान्हं बाळ. एफडी दोन लाखांची, त्यातले दीड लाख हॉस्पिटलचे.

बरं, क्लास.

हिप्नोबर्थिंगमागचा विचार जुना आहे. ग्रँटली डिक-रीड नावाच्या इंग्रज डॉक्टरने १९३० च्या दशकात मांडलं की भीतीने अंग आखडतं, आखडलेल्या अंगाला कळा जास्त दुखतात, आणि दुखलं की भीती आणखी वाढते. अमेरिकेतल्या मेरी मॉंगन यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी त्याला आजचं नाव आणि साचा दिला. यात बुवाबाजी नाही; श्वास, सैलपणा आणि स्वतःला द्यायच्या सूचना, एवढंच. प्रश्न फक्त इतकाच की ते पैशांत काय वाचवतं.

इंग्लंडमध्ये पहिलटकरणींवर याचा रीतसर प्रयोग झाला, २०१५ मध्ये निकाल छापून आला. ६८० बायका. निम्म्यांना दीड-दीड तासाची दोन सत्रं आणि रोज ऐकायला एक सीडी, बाकीच्यांना नेहमीची तपासणी. एपिड्युरल घेणाऱ्यांचं प्रमाण? शिकलेल्यांत २८ टक्के, न शिकलेल्यांत ३० टक्के. म्हणजे फरक नाहीच. मात्र बाळंतपणानंतर विचारलं तेव्हा शिकलेल्यांना भीती आणि काळजी आधी वाटली होती त्यापेक्षा कमी जाणवली होती. आणि माझ्यासारख्याला ज्यात रस असतो तो आकडा: एका बाईमागे वाढीव खर्च आला ४.८३ पौंड. आपले पाचशे रुपये.

तेव्हा 'सिझेरियन टळतं, ४० हजार वाचतात' हा हिशेब खोडून टाका. सिझेरियन बाळाच्या ठोक्यांवर, आडव्या-उभ्या स्थितीवर, तुमच्या बीपीवर आणि, खरं सांगायचं तर, हॉस्पिटलवर ठरतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या खाजगी रुग्णालयांत ४७ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली होती. जवळजवळ नाणेफेक. तुम्ही दीड लाखच बाजूला ठेवा, नॉर्मल झालं तर पेढे वाटा.

भीती कमी करायला पैसे मोजणं मला गैर वाटत नाही. आमच्या घरी पहिल्या वेळेला माझ्या बायकोचा रक्तदाब लेबर रूमच्या दारात वाढला होता, तेव्हा कोणी श्वास घ्यायला शिकवलं असतं तर मी हजार-दोन हजार आनंदाने दिले असते. पण २४ हजार नाही. हॉस्पिटलमध्ये प्रसूतिपूर्व वर्ग असतो का विचारा. तो बऱ्याचदा फुकट किंवा दोन-तीन हजारांत असतो, आणि शिकवणारी बाई त्या दिवशी त्याच मजल्यावर असण्याची शक्यता असते. तरीही हिप्नोबर्थिंगच हवं असेल तर पाच हजारांपर्यंतचं शोधा. शिकवणारीला एकच विचारा: सिझेरियन करायची वेळ आली तर तुमचं शिकवलेलं तिथे कसं वापरायचं? नीट उत्तर मिळालं तर लावा. 'आमच्या मुलींवर ती वेळच येत नाही' असं म्हणाल्या तर फोन ठेवा. आणि तुम्ही पाठवलेल्या क्लासच्या जाहिरातीच्या फोटोतल्या पाटीवरचं 'आज रात्री १२ पर्यंतच ही फी' मनावर घेऊ नका, ती उद्याही असेल.

डोहाळजेवणाच्या हॉलबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, त्यामुळे मी काही बोलत नाही. रजेचा अर्ज मात्र सोमवारी द्या, राजीनामा ज्या वेळेला देणार होतात त्याच वेळेला. आणि फ्री लुकचं पत्र पुढच्या महिन्याच्या ८ तारखेच्या आत विमा कंपनीच्या शाखेत स्वतः नेऊन द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेऊन या.